व्यसनातून बाहेर आलेल्या भावाचे पहिले काम: मालकाला काय सांगावे, काय सांगू नये

चोपडा तालुक्यातील एका गावातून एका थोरल्या भावाने प्रश्न पाठवला आहे. धाकटा भाऊ २८ वर्षांचा, आयटीआयचा फिटर. जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात चार वर्षे कामाला होता. तेथे रात्रपाळीच्या संगतीत आधी गांजा आणि नंतर ‘कुत्ता गोळी’ नावाची नशेची गोळी लागली. काम सुटले, दोनदा उपचारासाठी दाखल करावे लागले. दुसऱ्या वेळी घरी आल्याला आता दहा महिने झाले असून या काळात त्याने नशा केलेली नाही. चार ठिकाणी मुलाखतीत मधल्या दोन वर्षांच्या खंडाचे कारण विचारून त्याला वाटेला लावले. पाचव्या ठिकाणी ठेकेदाराकडून काम मिळाले, पण सोळाव्या दिवशी ओळखीच्या कोणीतरी सुपरवायझरच्या कानावर घातले आणि ‘उद्यापासून येऊ नको’ असा निरोप आला. वडील म्हणतात, घरची चार एकर केळी आहे, तीच पाहा, बाहेर नाचक्की नको. मालकाला खरे सांगावे की लपवावे, पोलीस पडताळणीत काही अडेल का, आणि काम मिळेपर्यंत घरच्यांनी त्याच्याशी कसे वागावे, हे आपले तीन प्रश्न आहेत.

मी बावीस वर्षे धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून काम करत आहे. आपल्या प्रश्नांच्या क्रमाने न जाता मी आधी एक चौथा प्रश्न घेतो, जो आपण विचारलेला नाही: त्याने कोणते काम धरावे? नकार देणाऱ्या मालकांमुळे जितकी मुले पुन्हा नशेकडे वळलेली मी पाहिली, त्याहून अधिक मुले चुकीचे पहिले काम धरल्यामुळे वळलेली पाहिली. घरच्यांना घाई असते. मुलगा रिकामा बसला की लोक बोलतात, म्हणून मिळेल ते काम पत्करले जाते, आणि ते बहुधा जुन्याच पाळीतले, जुन्याच सोबत्यांतले असते.

आपल्या भावाची नशा रात्रपाळीत सुरू झाली, हा आपल्या प्रश्नातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा तपशील आहे. बारा तासांची रात्रपाळी, पहाटे तीनची ग्लानी, जागे राहण्यासाठी एक आणि सकाळी घरी गेल्यावर झोप यावी म्हणून दुसरे, अशी ही साखळी असते. तलफ ही माणसाच्या इच्छाशक्तीतून जितकी येते त्याहून अधिक जागेतून, वेळेतून आणि माणसांतून येते. त्यामुळे निदान पहिले वर्षभर रात्रपाळी नको, जुना कारखाना नको आणि ज्या गेटसमोरच्या टपरीवर माल मिळत होता त्या रस्त्यावरचे काम तर नकोच. फिटरला दिवसपाळीचे काम मिळणे अवघड असले तरी अशक्य नाही. डाळमिल, जिनिंग, ठिबकच्या साहित्याची दुकाने, मोटार-पंप दुरुस्तीची वर्कशॉप, केळी पिकवण्याच्या शीतगृहांची देखभाल येथे फिटरचा हात लागतो. जिनिंगचे काम हंगामी असते, कापूस संपला की ते थांबते. एरवी हा दोष वाटेल, पण ज्याला चार-पाच महिन्यांचा नवा अनुभव कागदावर हवा आहे, त्याला असा एक हंगाम फार उपयोगी पडतो.

मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी चालवणारा एक ड्रायव्हर आमच्याकडे उपचार घेऊन गेला होता. चौदा महिने अगदी नीट राहिला. पगार बरा मिळतो म्हणून पुन्हा लांब पल्ल्याच्या गाडीवर चढला आणि दुसऱ्याच फेरीत, ज्या ढाब्यावर पूर्वी थांबत असे त्याच ढाब्यावर, पुन्हा सुरुवात झाली. परत आला तेव्हा त्याने सांगितले की गाडी त्या वळणावर आली तेव्हाच तोंडाला पाणी सुटले होते. पुढे तो एका शाळेच्या बसवर लागला. पगार जवळजवळ निम्मा झाला, पण रोज संध्याकाळी तो घरी असे. ते काम टिकले.

आता वडिलांच्या सूचनेकडे वळतो. केळीचे शेत वाईट नाही, पण वडिलांना ते सोपे वाटते तितके सोपे नाही. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत असेल त्या आठवड्यात माणूस रात्री एकटाच मळ्यात बसतो, हातात मोबाइल आणि भोवती काळोख असतो. उपचारानंतरच्या पहिल्या वर्षात हा एकांत मला नको वाटतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. घरच्या शेतात राबणाऱ्या मुलाला पगार नसतो, सुटी नसते आणि ओळखही नसते. गावाच्या लेखी तो ‘बापाच्या जिवावर बसलेला’ असतो. परक्या सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते, त्याला किती द्यायचे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. घरच्या मुलाचे मात्र काहीच ठरत नाही. काही काळ शेतीच करायची असेल, तर त्यालाही महिन्याचा आकडा ठरवून द्या, तो त्याच्या खात्यावर जमा करा आणि रात्रीचे पाणी दुसऱ्या कोणी तरी धरावे. वडिलांना हे विचित्र वाटेल, ‘घरच्या पोराला कसला पगार’ असे ते म्हणतील. तरीही आग्रह धरा.

‘पूर्ण बरा होऊ दे, मग कामाचे पाहू’ हे म्हणणेही मला मान्य नाही. वैद्यकीय वर्गीकरणात तीन ते बारा महिन्यांच्या नशामुक्त काळाला सुरुवातीची आणि त्यापुढील काळाला टिकाऊ मुक्तावस्था मानतात. त्या हिशेबाने आपला भाऊ सुरुवातीच्या टप्प्याच्या शेवटाकडे आहे. परंतु काम हे त्या टप्प्यानंतर मिळणारे बक्षीस समजू नये. अमेरिकेत १९७३ साली हंट आणि ॲझरिन या दोघांनी दारूच्या रुग्णांसोबत जी पद्धत वापरून पाहिली, तिच्यात नोकरी शोधण्यास मदत करणे, घरातील संबंध सावरणे आणि नशेविना करमणुकीची सोय करणे हाच उपचाराचा गाभा होता आणि त्या रुग्णांचे पिणे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. रिकामा दिवस हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत वाईट सहकारी आहे, हे मला तो अभ्यास वाचण्याआधी रुग्णांनीच शिकवले.

मालकाला खरे सांगावे का? माझे उत्तर असे: खोटे काहीही सांगू नये, पण सगळेही सांगू नये. खंडाचे कारण विचारले तर एवढेच सांगावे: “दोन वर्षे प्रकृतीच्या कारणाने काम बंद होते. उपचार घेतले. आता डॉक्टरांनी कामास तंदुरुस्त असल्याचे लिहून दिले आहे.” ही तीनही वाक्ये खरी आहेत. ती न अडखळता, समोरच्याकडे पाहून म्हणता येईपर्यंत घरी मोठ्याने म्हणून घ्यावीत, कारण मुलाखतीत शब्दांपेक्षा चाचरणे अधिक बोलते. ‘कसली प्रकृती?’ असे पुढे विचारले, तर ‘तो माझा खासगी भाग आहे, कामावर त्याचा परिणाम होणार नाही’ असे नम्रपणे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केलेला आहे आणि कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. म्हणून तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेताना त्यावर आजाराचे नाव नको, फक्त ‘कामास योग्य’ एवढेच लिहावे, अशी विनंती डॉक्टरांना करावी. व्यसनमुक्ती केंद्राचे डिस्चार्ज कार्ड कोणालाही देऊ नये. प्रामाणिकपणा सिद्ध करण्याच्या भरात मुले ते कार्ड स्वतःहून पुढे करतात, ठेकेदाराच्या कार्यालयात त्याची झेरॉक्स निघते, आणि पुढे ती कोणकोणाच्या हाती जाते याला धरबंध राहत नाही.

खंड झाकण्यासाठी ओळखीच्या दुकानातून अनुभवाचे खोटे प्रमाणपत्र आणण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कोठे काम केले याची नोंद असते आणि नव्या कंपनीला ती पाहता येते. व्यसनाचा इतिहास कळूनही ज्यांनी ठेवून घेतले असे मालक मी पाहिले आहेत. खोटा कागद सापडल्यावर ठेवून घेणारा एकही पाहिलेला नाही.

मात्र रुजू झाल्यानंतर कामाच्या ठिकाणच्या एका माणसाला खरे माहीत असावे, असे माझे मत आहे. एकच माणूस, आणि तोही त्याने स्वतः निवडलेला. सोळाव्या दिवशी जे घडले त्यात सुपरवायझरला ही गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून, तिखटमीठ लावून कळली. तीच गोष्ट दहा-बारा दिवस काम पाहिल्यावर स्वतः भावाने त्याला सांगितली असती, तर प्रत्येक वेळी निकाल वेगळा लागतो असे मी म्हणणार नाही, पण अनेकदा लागतो. सांगण्याची वेळही महत्त्वाची आहे. पहिल्या दिवशी सांगितले तर समोर फक्त ‘नशेडी’ उभा असतो. काही दिवस काम दाखवून मग सांगितले तर वेळेवर येणारा, हातात कसब असलेला फिटर उभा असतो आणि त्याची ही एक जुनी गोष्ट असते.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात एका मुलासाठी मी स्वतःच एका वर्कशॉपच्या मालकाला फोन केला. माझ्या शब्दाला वजन आहे, या समजुतीने त्या मुलाचा सारा इतिहास त्यांना सांगितला आणि तो आता किती सुधारला आहे याची ग्वाही दिली. मालक भला होता, त्याने काम दिलेही. पण आठ दिवसांत सगळ्या वर्कशॉपला ते ठाऊक झाले. एक पाना हरवला तरी सगळ्यांच्या नजरा त्या मुलाकडे वळत. दीड महिन्याने तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “साहेब, तुम्ही माझी ओळख करून दिली, पण मी जो आता नाही त्याची करून दिली.” त्या दिवसापासून रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय आणि काय बोलायचे ते त्याच्याशी ठरवल्याशिवाय मी कोणत्याही मालकाशी बोलत नाही. आपणही, थोरले भाऊ म्हणून, त्याच्या वतीने परस्पर कोणाकडे शब्द टाकू नये.

मालकांची भीती अगदीच निराधार आहे असेही मानू नका. कुत्ता गोळी म्हणून मालेगाव-धुळ्याकडे जी विकली जाते, ती बहुधा अल्प्राझोलाम असते. घबराटीवरचे हे औषध मोठ्या मात्रेत घेतले की माणूस आक्रमक होऊ शकतो आणि त्या काळात काय केले याची त्याला पुढे आठवणही राहत नाही. त्यामुळे गावात आपल्या भावाबद्दल ज्या तक्रारी आहेत त्यांतल्या काही खऱ्या असतील आणि त्या त्याला स्वतःला आठवत नसतील. ‘मी असे केलेच नाही’ हे तो प्रामाणिकपणे म्हणतो आणि लोकांना तो निर्ढावलेला खोटारडा वाटतो. हा भाग बहुतेक कुटुंबे टाळतात. मी उलट करायला सांगतो. एक वही घ्या. टपरीची उधारी, सोबत्यांकडून घेतलेले हातउसने, काकूंच्या घरातून गेलेली वस्तू, असे जे जे लोक सांगतात ते वाद न घालता लिहून काढा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या गटांच्या बारा पायऱ्यांत आठवी व नववी पायरी हीच आहे: ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करणे आणि शक्य तेथे भरपाई करणे. पहिल्या पगारातून प्रत्येकाला शंभर-दोनशे रुपये जरी त्याने स्वतः नेऊन दिले, तरी पारावरची भाषा बदलायला लागते. ‘काय भो, सोडली का खरंच?’ असे खोचक विचारणाऱ्याला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

ही भाषा वेगवेगळ्या नशांना वेगवेगळी लागू होते, हेही खरे. रोज पिऊन येणारा मिस्त्री अनेक वर्कशॉपमध्ये खपवून घेतला जातो, कारण ‘हात चांगला आहे’. गोळी किंवा गांजा सोडून दहा महिने झालेल्याला मात्र दारातूनच परतवतात. शिवाय कलंक एकट्याचा राहत नाही. घरात बहीण लग्नाची असेल तर सोयरीक जमवताना तो विषय निघतो, आणि घरच्यांनी लपवाछपवी सुरू केली की त्याला आपण ओझे आहोत असे वाटू लागते. आपण बहिणीचा उल्लेख केलेला नाही, पण असेल तर तिच्याशी या विषयावर त्याच्यासमोर मोकळेपणाने बोला.

पोलीस पडताळणीचे उत्तर सोपे आहे. चारित्र्य पडताळणीत गुन्ह्यांची नोंद पाहिली जाते, उपचारांची नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल नसेल तर दोनदा दाखल झाल्याने काही अडत नाही. एखाद्या वेळी नुसते ठाण्यात नेऊन सोडून दिले होते की खरोखर गुन्हा नोंदला होता, हे घरच्यांना पुष्कळदा माहीत नसते; ते वकिलामार्फत आधीच पाहून घ्या. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात सेवन हा कलम २७ खाली गुन्हा आहे, पण त्याच कायद्यातील कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येते, म्हणून केंद्राचे सर्व कागद तारखेनुसार लावून घरी जपून ठेवा. कायद्याकडून याहून जास्त अपेक्षा मात्र ठेवू नये. खासगी कारखान्याने ‘पूर्वी व्यसन होते’ एवढ्याच कारणावरून काम नाकारले, तर दाद मागायला सरळ मार्ग जवळजवळ नाही, आणि ठेकेदारीत तर कारण सांगण्याचीही पद्धत नसते. याच हतबलतेचा फायदा घेऊन काहीजण अशा मुलांना निम्म्या रोजावर ठेवतात आणि वर उपकाराची भाषा करतात. तीन महिने पारखून पाहा, असे मालकाला आपण सुचवावे. मजुरीत सूट देऊ नये.

राहिला घरच्या वागण्याचा प्रश्न. आपण रोज त्याच्या तोंडाचा वास घेता, खिसे तपासता आणि डोळे पाहता, असे लिहिले आहे. मी आपल्याला दोष देत नाही, दोन वर्षे जे भोगले त्यातून ते आलेले आहे. पण रोजच्या तपासणीने निष्पन्न काहीच होत नाही. गोळीला वास नसतो. त्याऐवजी त्याच्या संमतीने महिन्यातून एकदा केंद्रात लघवीची चाचणी करावी, निकाल दोघांनी एकत्र पाहावा आणि पुढच्या चाचणीपर्यंत तो विषय घरात काढू नये. एक सावधगिरी: कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेतले असेल तर चाचणीत अफूवर्गीय पदार्थ दिसतो. म्हणून कोणतेही औषध घेताना आधी विचारण्याची सवय लावा. चाचणीत नशा केल्याचे दिसले तर लगेच आरडाओरडा करू नका. व्यसनाच्या आजारात ४० ते ६० टक्के रुग्णांत नशा पुन्हा उद्भवते, असे अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन संस्था सांगते, आणि हे प्रमाण रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याच्या प्रमाणाच्या आसपासच आहे. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण कोणाला घराबाहेर काढत नाही. घसरलाच तर गोळ्या घरीच एकदम बंद करू नका, कारण या गोळ्या अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे निःशुल्क क्रमांक आहेत.

पैशांचे आधीच ठरवा. पूर्वी एटीएम कार्ड आईकडे ठेवले की भागत असे. आता मोबाइल हेच पाकीट झाले आहे. पगार खात्यावर यावा, त्यातला ठरलेला भाग त्याच दिवशी आवर्ती ठेवीत व देण्यांच्या वहीत जावा, आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची दैनंदिन मर्यादा त्याने स्वतःच कमी करून घ्यावी. ही व्यवस्था त्याच्या संमतीने आणि ठरावीक मुदतीची असावी, समजा सहा महिन्यांची. मुदत संपल्यावर ती खरोखर संपवा. स्वतःच्या कमाईवर कायमचा पहारा बसवून घेणारा माणूस फार दिवस कमावत नाही. कर्ज काढून लगेच धंदा टाकण्याचा विचार असेल तर तो वर्षभर पुढे ढकला. शिशू गटात मुद्रा योजनेतून ५० हजार रुपयांपर्यंत मिळू शकतात, दुरुस्तीच्या छोट्या दुकानाला ते पुरेसेही आहेत, पण पहिल्याच वर्षात हाती आलेली एकरकमी रक्कम आणि धंद्यातले चढउतार एकत्र आले की नव्याने उभा राहिलेला माणूस डगमगतो.

नव्या कामाचा शोध सुरू करण्यापूर्वी त्याला एकदा त्याच्या केंद्रातील समुपदेशकाकडे न्या. सोबत आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र, भविष्यनिर्वाह निधीची नोंद आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पट्टी असू द्या, कारण त्यातील एखाद्या गोळीने दिवसा गुंगी येत असेल तर चालत्या यंत्रावर उभे राहण्याआधी मात्रा किंवा वेळ बदलावी लागेल. आत मात्र त्याला एकट्यालाच जाऊ द्या.